७० हजारांत .३२ रिव्हॉल्व्हर: नांदेडची जुनी घेऊ का?

मोंढ्यातला_आडत्या (लातूर)
नमस्कार मंडळी. दोन वर्षं चपला झिजवल्यावर लायसन हातात पडलं एकदाचं. आडतीचा धंदा आहे, सोयाबीनच्या सीझनला रोकड घेऊन मोंढ्यातून अंधारात घरी यावं लागतं. मागच्या दिवाळीच्या आधी गल्लीच्या तोंडाला दोघं जण गाडी आडवी लावून उभे होते. काही झालं नाही, पण तवापासून घरचे मागं लागलेत. बजेट ७० हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. नांदेडला एक रिटायर साहेब त्यांची कानपूरची .३२ काढायलेत, ५५ सांगतात. तीसेक वर्षं जुनी आहे. एवढ्या स्वस्तातली भरवशाची असती का? ज्यांनी वापरली त्यांनीच सांगा.

पंपवाला_औसा_रोड
नवी घ्या, डोळे झाकून. मी २०१५ ला मिसेसच्या नावानं निर्भीक नावाची .३२ रिव्हॉल्व्हर घेतली. टायटॅनियमची, अर्धा किलो वजन, पर्समध्ये मावती. तवा सव्वा लाखाला पडली, पण बघतच राहावं असं काम आहे. जिवाचा मामला आहे, त्यात पैसे बघू नये.

मोंढ्यातला_आडत्या
दादा, ७० म्हणलो होतो.

पंपवाला_औसा_रोड
हो हो, वाचलं. पण कर्ज काढा, नाहीतर थांबा एक सीझन.

गोदाकाठचा_गडी (गंगाखेड)
सव्वा लाख विसरा आता. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्टलवरचा जीएसटी २८ चा ४० टक्के झालाय. माझ्या मेव्हण्यानं पितृपंधरवडा संपायची वाट बघितली आणि तेवढ्यात दर बदलला. आता रोज पंचांगाला शिव्या देतो. बाकी माझं मत, नवीच घ्यावी.

सराफ_गल्ली (परळी)
रिव्हॉल्व्हर घेऊच नका. पिस्टल घ्या, अशनी नावाची देशी .३२. सपाट असती, शर्टाखाली दिसत नाही. माझी सहा वर्षं झाली, एकदाही अडकली नाही.

आर्मोरर_रिटायर
किती राउंड मारले सहा वर्षांत?

सराफ_गल्ली
दसऱ्याला पूजा करतो. राउंड मारायची वेळ आली नाही देवाच्या कृपेनं.

आर्मोरर_रिटायर
बरं.

टेक्सासकर_उदगीरवाला
मी मूळ उदगीरचा, सध्या ह्यूस्टनजवळ. इकडे हाच वाद ‘हाय-पॉइंट’ नावाच्या पिस्टलवरून रोज चालतो. ओहायोत बनते, ९ एमएम, साधारण २०० डॉलर. दिसायला इस्त्रीसारखी. वरची स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव, कारण आतली रचना साधी ठेवली की पाठीमागचा झटका सोसायला स्लाइड जड करावी लागते. लोक हसतात, पण कंपनी आयुष्यभराची वॉरंटी देते आणि हात बदलला तरी वॉरंटी चालू राहते. माझ्या शेजाऱ्याकडे आहे, रेंजवर दर रविवारी शे-दीडशे गोळ्या झाडतो. एका विशिष्ट गोळीवर अडकते, बाकीच्यावर नाही. त्यामुळे स्वस्त म्हणजे वाईट असं नाही.

गोदाकाठचा_गडी
काका, ९ एमएम इकडं बंदी असलेल्या बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या मापात, येती. परदेशी माल सामान्य माणसाला मागवता येत नाही, आयात ऐंशीच्या दशकातच बंद झाली. तुमचं २०० डॉलरचं खेळणं इकडं कुणाकडं असतं तर लाखात गेलं असतं.

टेक्सासकर_उदगीरवाला
मी तत्त्व सांगत होतो.

सराफ_गल्ली
गडी बरोबर बोलला. आमच्या आजोबांची विलायती वेब्ली होती, वडिलांनी ऐंशीच्या आत विकली. आज तिच्या पैशात परळीत एक प्लॉट आला असता. इकडं पैसे लोखंडाचे नसतात, टंचाईचे असतात.

बालाघाटचा_वारा (अंबाजोगाई)
बंदुकीचं आता नाव काढू नका आमच्या जिल्ह्यात. बाराशेच्या वर लायसन निघाली होती, मग छाननी लागली आणि २०२५ मध्ये शंभराच्या वर रद्द झाली. ज्यानं कमरेला लावून बुलेटवर फोटो टाकले तो पहिला गेला. आडत्या भाऊ, पैसे आरटीजीएस करा शेतकऱ्याला. रोकडच नसली तर चोर काय तुमचा वजनकाटा नेणार का?

मोंढ्यातला_आडत्या
शेतकरी रोख मागतो दादा. बँकेत टाकले की पीककर्जात वळते होतात म्हणतो. त्याला नाही म्हणलं तर गाडी शेजारच्या आडतीला जाती.

बालाघाटचा_वारा
हे खरंय.

कुणीतरी_परभणीचा
एवढा खर्च कशाला
[पुढचा मजकूर संपादकांनी काढला आहे. विनापरवाना हत्याराची चर्चा इथे चालणार नाही. दुसऱ्यांदा दिसली तर खातं बंद.]

पंपवाला_औसा_रोड
बरं केलं. मी तर म्हणतो नवीच घ्या.

खोबरेल_फजिती (जालना)
जुनी-नवीचा घोळ सोडा, माझी ऐका. २०११ ला नवी कोरी .३२ घेतली. घरी आणली, सहाही घरं भरली, वरून बायकोच्या बाटलीतलं खोबरेल तेल चोपडलं आणि तिजोरीत ठेवून दिली. तीन वर्षांनी जानेवारीत शेतावर गेलो, म्हणलं बघू चालती का. घोडा ओढला तर मधल्या मधी पिठल्यासारखा जड. तेल थिजलेलं! कसाबसा चाप दाबला. टक. दुसरी, टक. सहातल्या तीन उडाल्या, तीन बुडाला नुसती खाच पडून तशाच. नंतर कळलं की तेल झिरपून गोळीच्या बुडाच्या टोपीतली दारू मरती. वेपनची काय चूक? खोबरेल डोक्याला लावा. शेतावर वाजवायला नको होती, हे पण नंतर कळलं, शेजाऱ्यानं तक्रार केली तवा.

निवडणुकीचा_मारा (हिंगोली)
माझं गाऱ्हाणं वेगळंच. आचारसंहिता लागली की वेपन ठाण्यात जमा. लोकसभा, विधानसभा, मग नगरपरिषद, मग झेडपी. एका ठाण्यात (नाव घेत नाही) माझी चार महिने गोणपाटात होती. परत मिळाली तवा नळीच्या तोंडाला तांबूस कड. वर्षातले निम्मे दिवस वेपन सरकारकडं आणि भीती आमच्याकडं. ५५ हजार घाला नाहीतर दीड लाख घाला, गंज दोघांनाही सारखाच चढतो.

आर्मोरर_रिटायर
जमा करण्याआधी कोरडी पुसून गन ऑइलचा हलका हात फिरवायचा आणि पावतीवर नंबरासोबत अवस्था लिहून घ्यायची. कुणी करत नाही.

आता आडत्याच्या प्रश्नाकडं. पंचवीस वर्षं हीच वेपनं उघडत-लावत होतो. ती कानपूरची .३२ म्हणजे जुन्या वेब्लीच्या बांधणीची, मधून मोडून उघडणारी. वय महत्त्वाचं नाही. वर्षाला दहा राउंड झाडणाऱ्या माणसाकडं ती तीस वर्षांत घासत नाही, गंजती किंवा सैल होती. नांदेडला जाल तवा मालकाला आधी रिकामी करायला सांगा आणि स्वतः परत उघडून बघा. बंद करून नळी आणि मूठ दोन हातात धरा, बिजागरीत चुकचुक लागली तर तिथंच चहा पिऊन परत या. घोडा पूर्ण ओढून चक्री बोटानं हलवा, सहाही घरांवर. जरा हलणं चालतं, एकाच घरावर जास्त हलली तर नाही. घोडा ओढलेला असताना मागून अंगठ्यानं दाबा, पडला तर हात लावू नका. नळीच्या मागं पांढरा कागद धरून बॅटरी मारा, आटे धारदार दिसले पाहिजेत, काळे खड्डे नकोत. वेपनवरचा नंबर त्यांच्या लायसनवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. जुन्या गोळ्या फुकट दिल्या तरी घेऊ नका. डीलरकडून ताज्या घ्या आणि परवानगीच्या रेंजवर डझनभर झाडून बघा.

आणि कागद: लायसनवाल्यानं लायसनवाल्याला विकायची तर त्या साहेबांना आधी जिल्हाधिकारी किंवा ठाण्याला लेखी कळवावं लागतं, त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. शस्त्र कायद्याचं पाचवं कलम. त्याच्या आत हातात घेतली तर तुमचंच लायसन गोत्यात.

सराफ_गल्ली
४५ दिवस? आमच्या भावानं आठ दिवसात घेतली होती.

आर्मोरर_रिटायर
तुमच्या भावाला सांगू नका म्हणावं कुणाला.

नवा_परवाना_भोकर
वर कुणी बोललं नाही म्हणून सांगतो, नवीच घ्यावी. २०२३ मध्ये प्रबल नावाची रिव्हॉल्व्हर आली आहे, तिची चक्री बाजूला उघडती, मोडायची भानगड नाही. मी बुकिंगच्या विचारात आहे. आमच्या चुलत्याच्या लग्नात माझ्या मामाच्या .३२ नं दोन बार काढले होते, आवाज काय खणखणीत!

आर्मोरर_रिटायर
२०१९ च्या दुरुस्तीत लग्नाच्या बाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मामाचं नाव इथं लिहू नका.

नवा_परवाना_भोकर
मामा वारले. दुसऱ्या कारणानं.

लाल_माती_धाराशिव
घरात कुणा वडीलधाऱ्याच्या नावावर वेपन आहे का आडत्या? धारकाचं वय ७० झालं किंवा पंचवीस वर्षं त्याच्याकडं वेपन असलं की वारसाच्या नावावर लायसन मागता येतं. आमच्या अण्णांची बारा बोअर मी तशीच घेतली. वेपनला एक रुपया लागला नाही.

मोंढ्यातला_आडत्या
आमच्या घरात वडिलोपार्जित फक्त तराजू आहे दादा.

पंपवाला_औसा_रोड
मग काय ठरलं? परवा बारामतीचा एक जण भेटला, त्यानं तर

गोदाकाठचा_गडी
पंपवाले दादा, नवीच घ्या म्हणायचं असंल तर तीन वेळा म्हणून झालंय.

मोंढ्यातला_आडत्या (बारा दिवसांनी)
नांदेडला जाऊन आलो. आर्मोरर साहेबांचा कागद खिशात होता. बिजागरी घट्ट, घोडा दाबून पडला नाही, नळी आरशासारखी. पण पाचव्या घरावर चक्री बाकीच्यांपेक्षा जास्त हलती. मी बोलून दाखवलं तर साहेब म्हणाले, “मी तीस वर्षांत त्या घरात गोळीच घातली नाही, घोड्याखाली तेच रिकामं ठेवायचो.” मग ४८ ला देतो म्हणाले. सौदा ठरवला. त्यांचं कळवायचं पत्र परवा ठाण्यात गेलं, पोच माझ्याकडं आहे, आता ४५ दिवस मोजायलोय.

आर्मोरर_रिटायर
एकाच घरावर जास्त हलली तर नाही, असं लिहिलं होतं मी.

मोंढ्यातला_आडत्या
वाचलं साहेब. पाच पुरतात मला. वाचलेल्या २२ मध्ये दुकानाला शटरचं नवं कुलूप आणि दोन कॅमेरे बसवले. कॅमेरा लावल्याच्या तिसऱ्याच दिवशी ते गाडी आडवी लावणारे परत दिसले. शेजारच्या बिर्याणीवाल्याची पार्सल न्यायला येतात.

बालाघाटचा_वारा
मग बुकिंग कॅन्सल का?

मोंढ्यातला_आडत्या
लायसन काढायला दोन वर्षं गेलीत दादा. आता असू द्या. चामड्याचं होल्स्टर कुठं मिळंल लातुरात? बजेट पाचशे.

पंपवाला_औसा_रोड
पाचशेत कचरा मिळतो. अडीच हजारवालं घ्या, माझं तेच आहे.