बोर्डाच्या दिवशी गोळी घ्यावी की न घेता जावं?

माळरान:
दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मला पुन्हा डॉक्टरांच्या तपासणी बोर्डासमोर जायचं आहे, त्याआधी तुमची मतं हवी आहेत. माझं आधीच सांगते. तपासणीच्या दिवशी दुखणं दाबणारी गोळी घेऊन जाणं हा आपणच आपल्यावर केलेला अन्याय आहे.

मला अकरा वर्षं अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस आहे. कमरेच्या सांध्यांपासून सुरू होऊन कणा ताठ करत नेणारा संधिवात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा ३४ किलोमीटरवर आहे, दोन एसट्या बदलाव्या लागतात. बदल्यांच्या विशेष संवर्ग भाग १ मध्ये, म्हणजे बदलीत ज्यांना प्राधान्य मिळतं त्यांच्यात, यायचं तर ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

२०२२ च्या डिसेंबरात पहिल्यांदा गेले होते. या दुखण्यात पडून राहिलं की अंगाचं लाकूड होतं आणि हालचाल केली की सुटतं. म्हणून पहाटे साडेचारला उठले. गोळी घेतली, शेकलं, घरातल्या घरात फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठे पायांत मोजे चढले. साडेअकराला नंबर लागला. कमरेवर पेनने दोन खुणा, टेप, वाका, वळा, मान फिरवा. पाच मिनिटांत बाहेर. माझ्या अख्ख्या दिवसातली सगळ्यात मोकळी वेळ त्यांनी मोजली. कण्याचे ३० आणि वेदनेचे १० धरलेत असं कळलं. मी मनातल्या मनात चाळीस केले, घरी फोनसुद्धा केला. प्रमाणपत्रावर ३७ होते. पुढे पांढरं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आलं. चाळिशीच्या आतल्यांना पांढरंच मिळतं.

तास-दीड तास एसटीत बसून उठताना माझं काय होतं ते आमच्या मार्गावरच्या कंडक्टरांना माहीत आहे. मी उतरेपर्यंत ते घंटीची दोरी ओढत नाहीत. बोर्डाला ते कसं दिसणार?

नांगरट:
न घेता जा. कागदावर तेच चढतं जे समोर दिसतं.

निवृत्त ऑर्थो:
जिल्हा पातळीवरच्या बोर्डावर नऊ वर्षं बसलो आहे, म्हणून लिहितो.

आधी ३७ चा हिशेब. दोन टक्केवाऱ्यांची सरळ बेरीज करत नाहीत. मोठा आकडा तसाच धरायचा. लहान आकड्याला ९० वजा मोठा आकडा याने गुणायचं आणि ९० ने भागायचं. तुमच्या बाबतीत १० गुणिले ६०, भागिले ९०, म्हणजे ६.७. तीसमध्ये मिळवले की ३६.७. बोर्डाने तुमचे तीन टक्के खाल्लेले नाहीत. कण्याच्या त्या तक्त्यात वेदनेला जास्तीत जास्त दहाच होते. ‘रोजच्या कामांत तीव्र अडथळा’ मान्य केला तरी दहा.

आता गोळी. मी तुमच्या विरुद्ध आहे. प्रमाणपत्र उपचारानंतर जे उरतं त्याचं द्यायचं असतं. औषध सोडून आलेल्या माणसाचं मोजमाप हे औषध सोडलेल्या एका दिवसाचं मोजमाप असतं. शिवाय हे वाचून कोणी स्टिरॉइड एकदम बंद केलं तर बोर्डाऐवजी अतिदक्षता विभागात जाईल. हे मी घाबरवायला लिहीत नाही. असे रुग्ण पाहिले आहेत.

कुबडी:
डॉक्टरांशी सहमत, पण कारण माझं वेगळं.

दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. डावा पाय मांडीपासून बारीक. मी गोळी घेतली काय, न घेतली काय, पाय तेवढाच राहतो. माळरान, तुमचं दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण आज कसं दिसायचं हे आदल्या रात्री ठरवता आलं, की प्रमाणपत्राचा पायाच ढासळतो. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण देशभर गाजलं. नंतर जिल्हा परिषदांमध्ये फेरपडताळणी सुरू झाली, निलंबनं झाली. त्या रांगेत खरे लोकही कुबड्या घेऊन तासन् तास उभे होते. खोटेपणा करून लाभ घेतला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ते कलम ज्यांच्यासाठी आहे ते सुटतात आणि संशय आमच्या पायाला चिकटतो.

नोकरीतल्या आरक्षणाचे चार टक्के तेवढेच आहेत. दार रुंद केलं की आत उभ्या असलेल्यालाच धक्का बसतो.

माळरान:
कुबडी दादा, तुमच्या रांगेचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण दिसणं ठरवण्याचा आरोप उलटा लावून बघा. २०२२ मध्ये मी सात तास खपून माझं दुखणं लपवून नेलं होतं. कोणाला फसवायला नाही, तिथवर पोचायला. तेव्हा कोणी म्हणालं नाही की तू खोटी तंदुरुस्ती दाखवतेस. बरी दिसले ते खरं मानलं. वाईट दिसले असते तर नाटक ठरलं असतं. वेदनेच्या अभ्यासाची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली आणि सोबत स्पष्ट लिहिलं की माणूस आपली वेदना सांगतो त्याचा मान राखायला हवा. आमच्याकडे तो मान दहा टक्क्यांवर थांबतो.

वैनगंगा:
माझ्या भावाला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, आई आणि वडील दोन्हीकडून आलेला, एसएस प्रकारचा. हा आजार २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, म्हणून यादीत बसत नाही असं तरी कोणी म्हणत नाही. पण बोर्डाच्या दिवशी तो चालत जातो, बोलतो, हसतो. क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका, आला की कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवून धरतात आणि तो खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन विव्हळतो. त्या दिवशी आम्ही दवाखान्यात असतो. बोर्डात जायचं कसं?

गोळी घ्यावी की नाही हा प्रश्नच आमच्या घरी नाही. हायड्रॉक्सीयुरिया रोज घ्यावीच लागते, थंडीत पाणी कमी प्यायला तरी भीती वाटते. आई काय करते सांगते. भरती केलं की सुट्टीचा कागद, रक्त दिलं त्याची नोंद, शाळा बुडली ते दिवस, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत. बोर्डासमोर तिने पिशवी उघडली. डॉक्टरांनी एकेक कागद वाचला. भावाकडे पाहिलं असेल फार तर दोनदा.

लेस्टरकर:
इकडे ब्रिटनमध्ये २०१३ पासून दिव्यांग आणि दीर्घ आजारी लोकांसाठी पिप नावाचा भत्ता आहे. मला फायब्रोमायाल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखण्याचा आजार, तीन वेळा या तपासणीतून गेले आहे. नियम चांगला आहे. एखादं काम येतं असं केव्हा म्हणायचं? ते सुरक्षितपणे, बऱ्यापैकी नीट, हवं तितक्या वेळा आणि रास्त वेळात करता आलं तर. रास्त म्हणजे धडधाकट माणसाच्या फार तर दुप्पट वेळ. आणि निम्म्याहून जास्त दिवस काय स्थिती असते ते धरायचं. त्यामुळे गोळीचा प्रश्न जवळपास संपतो: घ्या गोळी, पण दुसऱ्यांदा जिना चढता येतो का ते सांगा.

पण नियम चांगला म्हणून माणूस वाचतो असं नाही. पहिल्या वेळी मला शून्य गुण होते. अहवालात लिहिलं होतं, ‘खुर्चीत व्यवस्थित बसल्या होत्या.’ फेरविचार मागितला, तोही नाकारला. न्यायाधिकरणात मिळालं, तोवर वर्ष गेलं होतं. तिथेही कागदांनीच तारलं.

निवृत्त ऑर्थो:
‘हवं तितक्या वेळा’ हे आमच्या तक्त्यात नव्हतं, हे मान्य करतो. सांधा किती अंश वळतो ते मी मोजायचो. संध्याकाळी तो किती वळेल हे विचारायला रकाना नव्हता. एका सकाळी साठ-सत्तर माणसं बाहेर असायची. मीही विचारलं नाही.

माळरान, २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने मूल्यमापनाची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. तुमचं मोजमाप २०१८ च्या तत्त्वांवरचं आहे. नवा अर्ज करताना हे नोंदवा. निर्णय पटला नाही तर कलम ५९ खाली अपील आहे.

कुबडी:
एक गोष्ट कोणी बोलत नाही. प्रत्येक हक्काला ४० टक्के लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक द्या असं सांगितलं. दिव्यांग व्यक्ती वेगळी आणि ४० टक्क्यांची अट वेगळी, हे तिथे स्वच्छ आहे. कामाच्या जागी सोयी मागायचा हक्क कलम २० मध्ये आहे. तळमजल्यावरचा वर्ग, टेकायची खुर्ची, परिपाठाला उभं राहण्यातून सूट हे तुम्ही ३७ वरसुद्धा मागू शकता. मागितलंत का?

माळरान:
खुर्ची मागितली, मिळाली. वर्ग तळमजल्यावरच आहे, शाळेला मजलाच नाही. ३४ किलोमीटरचं काय मागू?

कुबडी:
हे खरं आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी गोळीबद्दल मत बदललेलं नाही.

माळरान:
रात्री बराच वेळ हा धागा पुन्हा वाचला. वैनगंगा, तुमच्या आईच्या पिशवीवरून मी आजपासून वही घातली आहे. उठले किती वाजता, मोजे चढले किती वाजता, गोळी कधी, एसटीतून उतरायला किती वेळ. डॉक्टर, एवढंच सांगा: ही वही बोर्ड बघेल का?

निवृत्त ऑर्थो:
नुसती वही बाजूला ठेवतील, मीही ठेवली असती. तुमच्या संधिवाततज्ज्ञांकडून दर भेटीला त्यातल्या नोंदी केसपेपरवर चढवून घ्या, सही-शिक्क्यासह. शक्य असेल तर व्यवसायोपचार तज्ज्ञाचा अहवाल जोडा. कोणतं काम किती वेळा जमतं हे ते लिहू शकतात. आणि गोळी घेऊन या. कितीची घेतली ते पहिल्याच वाक्यात सांगा.

नांगरट:
मी अजूनही म्हणतो, न घेता जा.

वैनगंगा:
ताई, पिशवी प्लास्टिकचीच घ्या. आमचे दोन कागद पावसात गेले.