घाई नडते, कॅमेरा नव्हे

कॅमेरा हाती आला की माणूस यात्रेकरू राहत नाही, नुसता बघ्या होतो, हा तुमचा मुद्दा मला अर्धाच पटतो. अमेरिकन प्रयोगशील चित्रपटकार माया डेरेनचं उदाहरण घ्या. १९४७ मध्ये ती कॅरिबियनमधल्या हैतीला गेली ती वोडू या तिथल्या लोकधर्माच्या विधींतल्या नृत्यावर फिल्म करायला. पण तिथे जे दिसलं ते तिच्या आराखड्यात मावेना. पुजारी चिमटीतून मक्याचं पीठ सोडत जमिनीवर देवतेचं चिन्ह काढतो (आपल्याला रांगोळीच आठवते) आणि थोड्या वेळात नाचणाऱ्यांच्या पायांनी ते पुसलं जातं. चिन्ह कॅमेऱ्यात सहज येतं. त्याचं पुसलं जाणंही विधीतच धरलेलं आहे, हे उमगायला मात्र तिथे राहावं लागतं. डेरेन राहिली, पुन्हा पुन्हा गेली. एकदा एर्झुली ही देवता तिच्याच अंगात आली. तो अनुभव तिने १९५३ च्या ‘डिव्हाइन हॉर्समेन’ या पुस्तकात विलक्षण प्रामाणिकपणे लिहिलाय, शेवटचं प्रकरण जरूर वाचा. फिल्म तिच्या हयातीत पुरी झालीच नाही. १९६१ मध्ये ती गेल्यावर इतरांनी रिळं जोडली आणि निवेदनाला तिच्या पुस्तकातलाच मजकूर घेतला.