करार पाळला जातो, पण दोन्ही गट एकमेकांशी बोलत नाहीत: मध्यस्थाने पुढे काय करावे?

तिसरी_खुर्ची (प्रश्न)

मी स्वयंसेवी मध्यस्थ म्हणून काम करते. एकाच सभागृहावरून दोन गटांत चाललेला वाद काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आला होता. एक गट तिथे संध्याकाळी समूहगायनाचा सराव करतो, तर दुसरा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. बऱ्याच बैठकांनंतर वार वाटून घेण्यावर एकमत झाले, दोन्ही बाजूंनी सह्या केल्या आणि तो करार आजही काटेकोरपणे पाळला जातो.

अडचण अशी की, त्यापलीकडे काहीच घडत नाही. सराव दहा मिनिटे लांबला की अभ्यासिकेचे लोक दारात उभे राहून आत निरोप देण्याऐवजी मला फोन करतात. खुर्च्या जागेवर नसल्या की गायनगट त्यांचे फोटो काढून मला पाठवतो. सभागृहाची किल्लीसुद्धा ते एकमेकांच्या हातात देत नाहीत, माझ्या घरी आणून ठेवतात. हा वाद मिटला असे म्हणावे, की तो आता माझ्यामार्फत चालू आहे असे म्हणावे? आणि करार झाल्यानंतर माणसे जोडणे हेही मध्यस्थाच्या कामात येते का?

सारासार

माझ्या मते करारातच थोडी उणीव राहिली आहे. वार वाटून घेताना दोघांनीही काहीतरी सोडले, आणि आपण काय सोडले याचा हिशेब दोघेही अजून मांडत बसले आहेत. म्हणून तर दहा मिनिटांवरून फोन येतो. संघर्ष मिटवण्याच्या तीन वाटा अमेरिकी विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ मधील एका व्याख्यानात सांगितल्या होत्या: एकाची सरशी, तडजोड, आणि दोघांचीही खरी गरज भागेल असा मेळ. तिसऱ्या वाटेचे त्यांचे उदाहरण असे: हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या एका लहान खोलीत कोणाला तरी खिडकी उघडी हवी होती आणि फॉलेटना ती बंद हवी होती. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली गेली. समोरच्याला हवा खेळती हवी होती आणि फॉलेटना वारा अंगावर नको होता, त्यामुळे कोणालाच काही सोडावे लागले नाही. बॉस्टनमध्ये शाळांच्या इमारती संध्याकाळी वस्तीतल्या लोकांसाठी खुल्या करण्याचे काम फॉलेट यांनी अनेक वर्षे केले होते, त्यामुळे एका जागेवर अनेकांचा हक्क असला की काय होते हे त्यांना जवळून ठाऊक होते.

तुमच्या बैठकांमध्ये ‘कोणते वार हवेत’ हे विचारले गेले असणार. ‘ते वार कशासाठी हवेत’ हे कितपत विचारले गेले? गायनगटाला कदाचित वाद्ये सुरक्षित ठेवायला एक कपाट हवे असेल आणि अभ्यासिकेला पूर्ण शांतता फक्त परीक्षांच्या आधीच्या महिन्यांत लागत असेल. तसे निघाले तर आठवड्याचे वेळापत्रक बाजूला ठेवून वर्षाचे मांडता येईल.

जुना_कार्यकर्ता

मूळ करार पुन्हा उघडण्याआधी ते फोन थांबवा. दहा मिनिटे उशीर झाला हे बरोबर की चूक, याचे उत्तर तुम्ही फोनवर दिलेत की त्या क्षणी तुम्ही मध्यस्थ राहत नाही, लवाद होता. आणि निवाडा देणारे कोणी हाताशी असताना समोरच्याशी बोलण्याचे कष्ट कोण घेईल? करारात एक कलम वाढवून घ्या: प्रत्येक गटाने एक माणूस नेमावा, कुरबुर झाली की त्या दोघांनी आधी आपसांत बोलावे, आणि तिथे न सुटल्यास दोघांनी मिळून तुमच्याकडे यावे. एकट्याने आलेली तक्रार ऐकायची नाही, कितीही जवळच्या माणसाची असली तरी.

माणसे जोडण्याबद्दल विचाराल तर कृपा करून स्नेहसंमेलन भरवू नका. (अशा संमेलनात दोन गट दोन भिंतींना टेकून बसलेले मी पुरेसे पाहिले आहेत.) सभागृहाची देखभाल, दुरुस्ती, वीजबिल अशी जी कामे एका गटाला एकट्याने झेपत नाहीत, ती दोघांच्या संयुक्त समितीकडे द्या. गळके छत दुरुस्त करून घेताना माणसांना एकमेकांशी बोलावेच लागते.

दुसरी_बाजू

मला प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल शंका आहे. या लोकांनी मैत्री मागितली होती का? त्यांनी सभागृहाचा प्रश्न आणला होता आणि तो सुटला. सप्टेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिड येथे इजिप्त आणि इस्रायल यांच्यात अमेरिकेच्या मध्यस्थीने तेरा दिवस वाटाघाटी चालल्या, तेव्हा सुरुवातीच्या समोरासमोरच्या बैठका इतक्या बिघडल्या की पुढे इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांना बहुतांशी वेगळे ठेवून अमेरिकी पथक एकच मसुदा दोघांकडे फिरवत राहिले आणि प्रत्येक आक्षेपानंतर तो सुधारत गेले. त्यातून मार्च १९७९ मध्ये दोघांत शांतता करार झाला. दोन देशांमधले संबंध पुढे फारसे उबदार झाले नाहीत, तरीही तो करार टिकला.

आपुलकी ही कराराची अट नसते. कधीकधी ती मध्यस्थाची स्वतःची हौस असते, आणि जो गट संख्येने किंवा वजनाने लहान आहे त्याला ‘सलोख्यासाठी’ गप्प बसावे लागते. दोन्ही गटांपैकी दुबळा कोण, हे तुम्ही पाहिले आहे का? अंतर राखणे हेच त्याचे संरक्षण असू शकते. किल्लीसाठी मात्र दारावर अंकांचे कुलूप बसवा; तेवढ्यासाठी मध्यस्थ लागत नाही.

तिसरी_खुर्ची

तिघांचेही आभार. लहान गट अभ्यासिकेचा आहे, हे मी आधी सांगायला हवे होते. तक्रारीचे कलम आणि कुलूप या दोन्ही गोष्टी पुढच्या बैठकीत मांडते. ‘कशासाठी’ या प्रश्नाचे उत्तर एका गटाने स्वतंत्र बैठकीत मला दिले होते, आणि ते दुसऱ्या गटाला कळले तर बराच गैरसमज दूर होईल असे वाटते. पण ते गोपनीय ठेवण्याचा शब्द मी दिला आहे.

जुना_कार्यकर्ता

मग तुम्ही ते सांगूच नका. त्या गटाला पुन्हा वेगळे भेटा, ही माहिती दुसऱ्या बाजूला कळली तर त्यांना कशाची भीती वाटते ते आधी ऐकून घ्या, आणि सांगायचे ठरलेच तर कोणत्या शब्दांत व कोणी सांगायचे हे त्यांनाच ठरवू द्या. नकार आला तर पुन्हा आग्रह करू नका, आणि दुसऱ्या गटाला ‘त्यांची काहीतरी अडचण आहे’ असे मोघमही सुचवू नका.