दूरदर्शनच्या जुन्या अँटेनावर 145 मेगाहर्ट्झ लागेल का?

गच्चीवाला, शिरवळ
आमच्या गच्चीवर सिंहगडाकडे तोंड केलेला दूरदर्शनचा अँटेना अजून शाबूत आहे. हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, परीक्षेचा अभ्यास करतोय. हॅमवाल्यांचं 145 मेगाहर्ट्झच्या आसपासचं बोलणं ऐकायला म्हणून आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला जोडायचा छोटा रेडिओ) घेतला. सोबतच्या छोट्या काडीवर एफएमशिवाय काही लागत नाही. गच्चीवरचा जोडू का? दुकानदार म्हणतो, टीव्हीची केबल 75 ओहमची, डोंगल 50 चा, जमायचं नाही.

रेडिओकाका
जरूर जोडा. 75-50 च्या फरकाने जेमतेम चार टक्के सिग्नल परत जातो, कानाला कळतसुद्धा नाही. जुनी चपटी 300 ओहमची वायर असेल तर मात्र ती काढून बालन (अँटेना आणि गोल केबल यांचा मेळ घालणारा जोड) आणि आरजी-6 ही टीव्हीची गोल केबल लावा.

खरी गोम काड्यांत आहे. टीव्हीचा सिग्नल आडवा यायचा, म्हणून काड्या आडव्या. हॅमवाले एफएमवर बोलतात तेव्हा त्यांचे अँटेने उभे असतात. आडव्यावर उभा सिग्नल 20 डेसिबलपर्यंत पडतो, म्हणजे शंभरावा हिस्सा उरतो! तेव्हा क्लँप सोडवा आणि काड्या उभ्या करा. पण मग लोखंडी पाइप काड्यांच्या मधोमध येतो आणि स्वतःच एक काडी होऊन बसतो. आडवा लाकडी दांडा बांधून अँटेना पाइपापासून मीटरभर लांब धरा. उमेदीची सगळी वर्षं मी अँटेने बसवले आहेत. या दांड्याचा आळस करू नका, कळकळीने सांगतो.

काड्या मोजा. 80 सेंटिमीटरच्या आसपास असतील तर तो 174 ते 230 मेगाहर्ट्झचा अँटेना. 145 ला त्याची मागची, सिग्नल पुढे परतवणारी काडी आखूड पडते, त्यामुळे कधीकधी तो पाठीकडूनच जास्त ऐकतो. दोन्हीकडे तोंड करून पाहा.

टीव्हीचा बूस्टर लावलेला असेल तर काढा. त्याने वाढलेल्या एफएम स्टेशनांच्या जोराने डोंगल गुदमरतो.

तारा_145
यावर अंतराळ स्थानकाचं 145.800 पण मिळेल?

रेडिओकाका
ते दहाएक मिनिटांत आकाश ओलांडून जातं, एका दिशेला रोखलेला अँटेना काय कामाचा? त्यासाठी अॅल्युमिनियमच्या 49-49 सेंटिमीटरच्या दोन नळ्या घ्या, व्हीसारख्या 120 अंशांत, आडव्या. खर्च फारसा नाही.

गच्चीवाला
काका, काड्या 80 च्याच निघाल्या. दांडा घरात आहे, रविवारी चढवतो.

रेडिओकाका
वळवाचे ढग दिसले तर चढू नका. आणि गडगडाट सुरू होण्याआधीच डोंगलची केबल काढून ठेवत जा.