आईवडिलांचा आरोग्य विमा: रिन्युअलला तुम्ही काय बघता? अनुभव लिहा

बांधावरचा
काल रिन्युअलचा मेसेज आला अन् आण्णांची पेटी आठवली. त्यांची पॉलिसी येळवसच्या (वेळ अमावास्येच्या) आसपास संपते. सातबाऱ्याखालून कागद काढून समासात पेन्सिलीनं लिहायचे, यंदाचा हप्ता किती क्विंटल सोयाबीनचा. सुरुवातीला चार, मागच्या साली सात. मी मात्र न वाचता नुसता भरायचो. लातूरला ॲडमिट केल्यावर कळलं, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ३,०००. आम्ही ४,५०० ची खोली घेतलेली. वाटलं, वरचे दीड हजार आपण भरू. तर खोलीभाड्याच्याच प्रमाणात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, सगळ्यातला तिसरा हिस्सा कापला! औषधं तेवढी सुटली. तुमचं काय झालं?

परभणीची_सून
मामंजींच्या पॉलिसीत मोतीबिंदूला २५ हजारांची मर्यादा. शिवाय २० टक्के को-पे, म्हणजे बिलातला तेवढा वाटा आपला. पोळ्या टाकतेय, नंतर लिहिते.

गोदाकाठ
७० पूर्ण असतील तर सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढाच. ५ लाखांचं कव्हर, उत्पन्नाची अट नाही, खाजगी पॉलिसी असली तरी मिळतं. फक्त यादीतलं हॉस्पिटल लागतं, ते आधी बघा. आमच्या मायचं वेगळंच. कापूस वेचून बोटं झिजलेली, आधारला ठसा उमटंना. शेवटी चेहऱ्यावर झालं.

जालन्याचा_तात्या
तुमचं झालं तरी! आमच्या बापूंची आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, मास्तरांनी शाळेत टाकलेली. खरं वय ७३, कागदावर ६८. बापू म्हणतात, दोन साल दम धरतो, तवर आजारी पडत नाही 😀

बीडकर
येळवसला भज्जी-आंबील कोण पाठवतंय?

बांधावरचा
@बीडकर शेतावर या, उंडे पण खाऊ घालतो.

नांदेडहून
कंपनी बदलायची तर रिन्युअलच्या ४५ दिवस आधी अर्ज टाका. मी आठवडा राहिल्यावर जागा झालो, मग कसलं पोर्ट! पुढच्या साली केलं. जुन्या कंपनीत काढलेली वेटिंगची वर्षं (जुन्या आजारांना कव्हर मिळेपर्यंत थांबायची) धरली जातात, पण आधीच्या विमारकमेपुरतीच. अन् शुगर-बीपी लपवू नका. एजंट म्हणाला "कशाला लिहिता", मी सगळं लिहिलं. हप्ता वाढला. वाढू दे.

परभणीची_सून
आले. सप्टेंबर २०२५ पासून हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला ना? आमचा हप्ता तरी आहे तिथंच. वयाचा टप्पा बदलला म्हणे.

नांदेडहून
ताई, साठीच्या पुढच्यांना वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं तर कंपनीला आधी इर्डाला (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला) विचारावं लागतं, २०२५ पासून. मागची अन् यंदाची पावती शेजारी ठेवा, जीएसटी सोडून मूळ हप्ता बघा.

परभणीची_सून
मागची पावती मामंजींनी पोथीत खूण म्हणून घातलीय. आता मागितली तर अध्याय चुकेल म्हणतात.

बांधावरचा
😂 फोटो काढून घ्या, पोथी मिटू नका. मी यंदा खोलीभाड्याची मर्यादा नसलेली बघतोय. आण्णांनी विचारलं, किती क्विंटल? नऊ म्हणालो. पेन्सिल शोधायलेत.

बीडकर
येळवसला किती वाजता येऊ?