टूलचं वर्णन एका ओळीत उरकणं महागात पडतं: तुमचं मत काय?

फोंडावासी
आमच्याकडे गोव्यातल्या जमिनीच्या कागदपत्रांचं काम चालतं. जुन्या उताऱ्यांच्या स्कॅन प्रती शोधायला आम्ही एआय एजंट लावला, म्हणजे आपण दिलेली टूलं (ठरावीक काम करणारे छोटे प्रोग्राम) स्वतः निवडून चालवणारं भाषेचं मॉडेल. त्याच्या टूलचं नाव होतं 'गेट रेकॉर्ड' आणि वर्णन एवढंच: 'जमिनीची नोंद आणते.' भरायचं काय, तर तालुका आणि क्रमांक.

एका गिऱ्हाइकाने मडगाव शहरातल्या घराचा चलता नंबर, म्हणजे शहराच्या मोजणीतला मालमत्तेचा नंबर, दिला. एजंटने तोच गावच्या जमिनीचा सर्व्हे नंबर धरला आणि त्याच तालुक्यातल्या एका गावचा एक-चवदाचा (फॉर्म एक आणि चौदाचा) उतारा काढून मालकाचं नाव ठामपणे लिहून दिलं. क्षेत्रफळ जुळेना म्हणून आमच्या लक्षात आलं, नाहीतर कागद पुढे गेला असता.

मला राग एजंटचा नाही, आमचाच आला. मॉडेलला टूलच्या आतला कोड दिसत नाही. दिसतं ते नाव, वर्णन आणि काय काय भरायचं त्याची यादी. गावच्या जमिनीला एक-चवदा आणि शहरातल्या मालमत्तेला फॉर्म डी, हे कदाचित त्याला ठाऊक असेलही. पण आमचं टूल यातलं काय आणतं, हे आम्ही सांगितलंच नव्हतं. आता लिहिलंय ते असं:

'गावातल्या जमिनीचा एक-चवदाचा उतारा आणते. गाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग तिन्ही हवेत. चलता नंबर किंवा पी. टी. शीट नंबर (दोन्ही शहरातले) असेल तर हे वापरू नये, फॉर्म डीचं टूल वापरावं. नंबर कुठला ते कळत नसेल तर आधी विचारावं. प्रत आमच्या संग्रहातली आहे, आजची स्थिती वेगळी असू शकते.'

नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी जे सांगाल ते सगळं वर्णनात यायला हवं, असं माझं ठाम मत झालंय.

तिसवाडीकर
बाब, मला हे पटत नाही. दुखणं टूलच्या घडणीत आहे आणि तुम्ही त्यावर शब्दांचा लेप लावताय. 'क्रमांक' अशी मोघम जागा ठेवलीतच का? सर्व्हे नंबरची जागा वेगळी, चलता नंबरची वेगळी, की विषय मिटला.

आमचं काम टॅक्सीचं. जानेवारी 2023 मध्ये दाबोळीशिवाय मोपाच्या नव्या विमानतळावरूनही विमानं सुरू झाली आणि नुसतं 'गोवा विमानतळ' म्हणणं निरुपयोगी झालं. आम्ही वर्णन वाढवलं नाही. तिकिटावर असतात त्या तीन अक्षरांचे दोनच पर्याय ठेवले: दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स. तिसरं काही कोड घेतच नाही.

शिवाय ही वर्णनं प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात. चाळीस टूलं आणि प्रत्येकाचं पानभर पुराण, मग गिऱ्हाइकाचं बोलणं त्यात बुडतं आणि टोकनचं (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं त्यांचं) बिल येतं ते वेगळंच.

फोंडावासी
दोन पर्याय ठेवल्याने भलतंच काही येणार नाही, मान्य. पण चुकीचं येणार नाही असं कुठेय? पाहुणा म्हणाला, 'दुपारी अडीचला गोव्यात उतरतोय.' मॉडेलला दोनातलं एक निवडणं भाग आहे, तर ते निवडणारच. गाडी दाबोळीला, पाहुणा मोपाला. 'विमानतळ स्पष्ट नसेल तर विचार' हे वाक्य वर्णनाशिवाय कुठे लिहिणार?

डिचोलीची
दादा, तुमचं वर्णन चांगलं आहे, पण ते लिहिलं कोणी? आमच्याकडे ते प्रोग्रामरने लिहिलं तेव्हा त्यात 'भूअभिलेख' आलं. खिडकीवर कोणी असं बोलत नाही. लोक 'एक-चवदा' म्हणतात, 'उतारो' म्हणतात, एकाच गावाचं नाव तीन तऱ्हांनी लिहितात. खिडकीवरच्या बाईंना शेजारी बसवून मी वर्णन पुन्हा लिहिलं. मजकूर इंग्रजीत ठेवला, कारण देवनागरीला बहुतेक मॉडेलांत जास्त टोकन लागतात. पण लोकांचे हे शब्द त्यात तसेच घातले. एवढी टोकनं मी आनंदाने मोजीन.

सांगेकर
एक धोका कोणी बोलत नाही. वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. 'पाठवण्याआधी विचार' असं आम्ही लिहिलेलं असतानाही एजंटने गिऱ्हाइकाला संदेश पाठवला. पाठवणं, खोडणं, पैसे वळते करणं याची परवानगी कोडमध्येच अडवा. दुसरं म्हणजे, नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने एमसीपी (मॉडेलला बाहेरची टूलं जोडायची एकसारखी पद्धत) आणल्यापासून परक्यांची टूलं जोडणं सोपं झालंय. त्यांची वर्णनंही मॉडेल सूचनेसारखीच वाचतं. जोडण्याआधी ती स्वतः वाचा.

तिसवाडीकर
अडीचच्या पाहुण्याचा मुद्दा खरा आहे. आम्ही फ्लाइट नंबर सक्तीचा केला, तर एजंटने एकदा तोही मनानेच भरला. तेवढं एक वाक्य मी घालीन. पण बाकीचं शहाणपण मी चुकीच्या संदेशात ठेवीन. एजंटने टूल चुकीचं चालवलं की टूलने उलट सांगावं: 'हा चलता नंबर दिसतो, फॉर्म डीकडे जा.' गरज असेल तेव्हाच खर्च.

फोंडावासी
पण 48 हा चलता नंबरही असतो आणि सर्व्हे नंबरही. एजंटने तो सर्व्हेच्या जागेत भरला तर तुमच्या कोडला चूक कशी कळणार?

तिसवाडीकर
पोटविभाग आणि गाव सक्तीचं केलं तर बरंच अडेल. सगळं अडेल असं म्हणत नाही. नावं खोडून तुमची वीस-पंचवीस जुनी प्रकरणं पाठवा. एकदा तुमचं लांब वर्णन ठेवून आणि एकदा माझ्या वेगळ्या जागा, आखूड वर्णन ठेवून चालवतो, आणि दोन्हींत कुठे चुकलं ते इथेच लिहितो.