पेडलबोर्डले कमीजास्त होणारा लाईट लावाचा आहे, मदत पाहिजे

राजेहो, मी झाडीपट्टीच्या नाटकात गिटार वाजवतो, गिटारचा आवाज बदलवाचे पायानं दाबाचे पेडल एका पाटीवर (पेडलबोर्ड) लावले आहे, आता दिवाळीनंतर सीझन सुरू होईल म्हणून आधीच विचारतो. आपण स्टेजच्या पुढं खाली बसतो न, तिथं सीन बदलताना पूर्ण अंधार होते अन् डिलेचा पेडल कुठं अन् ओव्हरड्राईव्ह कुठं काहीच दिसत नाही. मोबाईलचा टॉर्च लावला की पुढच्या लाईनीतले लोकं ओरडते.

तर बोर्डच्या काठाले एलईडी पट्टी लावाची आहे, पण कमीजास्त करता आली पाहिजे, अंधारात एकदम मंद अन् गाण्याच्या वेळी थोडी जास्त. पेडलचा सप्लाय ९ व्होल्टचा आहे, मधली पिन मायनस, अन् सगळे आउटपुट आतून एकच ग्राउंडवाले (म्हणजे सगळ्याईची मायनस आतून जोडलेली). बारा व्होल्टची पट्टी त्याच्यावर जोडली तर नुसती मिणमिणते. बाजारात जे स्वस्त डिमर भेटते ते पीडब्ल्यूएमवाले, म्हणजे लाईट भराभर चालू-बंद करून कमी करते, ते त्याच सप्लायवर टाकलं की अॅम्पमधून चिंsss आवाज येते, गेन (सिग्नल किती वाढवाचा ते) वाढवला की अजूनच.

पाच व्होल्टची यूएसबी पट्टी वेगळ्या पॉवर बँकवर चालवावी असा विचार आहे, लाईनच गेली तरी फरक नाही पडत. पण कमी करंट ओढला की पॉवर बँक आपोआप बंद होते, त्याले काय करता तुम्ही? का पीडब्ल्यूएम सोडून साधा पोटेन्शियोमीटर (फिरवून कमीजास्त कराची खुंटी) अन् ट्रान्झिस्टर लावू? कोणी केलं असन तर कोणता ट्रान्झिस्टर, किती वॅटचा रेझिस्टर ते सांगा भाऊ, सोल्डरिंग येते मले.